सोळाशे मीटरच्या पुढे

अविनाश साबळे हे नाव निघाले की वर्तमानपत्र वाचणाऱ्याला दोन गोष्टी हमखास आठवतात. एक, त्याचे आईवडील वीटभट्टीवर काम करायचे. दोन, शाळा सहा किलोमीटर लांब होती, गावाला एसटी नव्हती, म्हणून तो चालत नाहीतर पळत शाळेला जायचा. दोन्ही गोष्टी त्याच्या मुलाखतींतूनच आलेल्या आहेत, तेव्हा त्या खोट्या मानण्याचे कारण नाही. माझी तक्रार त्यांच्या खरेपणाबद्दल नाहीच. एका धावपटूची सगळी कारकीर्द या दोन गोष्टींवर उभी केली जाते, त्याबद्दल आहे. सहा किलोमीटर शाळा, मग एकदम आशियाई सुवर्णपदक. मधली पंधरा वर्षे कुठे गेली, हे कोणी विचारत नाही.

मी धाराशिवचा. साबळेचे मांडवा हे गाव आष्टी तालुक्यात, जिल्हा बीड. आमच्या जिल्ह्याची उत्तरेकडची हद्द बीडला लागते. बालाघाटाचे डोंगर दोन्हीकडे, मुरमाड रानही दोन्हीकडे आणि पावसाची चुकवाचुकवीही दोन्हीकडे सारखीच. १९४८ पर्यंत दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यात होते, १९६० नंतर दोन्ही महाराष्ट्रात. थोडक्यात, मांडव्याच्या पोराच्या पायाखाली जी जमीन होती तीच भूम-परंडा-वाशीच्या पोरांच्या पायाखाली होती. मी स्वतः पाचवीपासून दहावीपर्यंत रोज साडेचार किलोमीटर जाऊन तेवढेच परत यायचो, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. वर्गातली निम्मी पोरे तशीच यायची. शाळेच्या वाटेने धावपटू घडत असते तर मराठवाड्याचे केनिया कधीच झाले असते.

माझ्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण हा विषय माझा नव्हे. एका पतसंस्थेत मी हिशेब लिहितो. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. गेली पंचवीसेक वर्षे बारवा, वीरगळ, जुने सातबारे यांच्या मागे हिंडतो आणि जमेल तसे लिहितो. धावण्याच्या नोंदींकडे वळलो तो भाच्यामुळे. तो भरतीची तयारी करत होता आणि पहाटे वेळ लावायला त्याला कोणीतरी हवे होते. मी घड्याळ घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहू लागलो. वेळा एका वहीत लिहू लागलो. हिशेबनिसाला आकड्यांच्या रकाना दिसला की तो वाचावासा वाटतो, तसे झाले. पुढे त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी साबळेच्या वेळा उतरवून काढल्या. प्रस्तुत लेख म्हणजे मुख्यतः त्या मागच्या पानांचे वाचन आहे.

आधी पुढच्या पानांबद्दल. मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर जाऊन पाहा. पंधरा-वीस पोरे पळत असतात. आताशा मुलीही असतात. ही सगळी मध्यम पल्ल्याचे धावपटू आहेत, पण त्यांना ते ठाऊक नाही. ऑलिंपिकमधली शर्यत १५०० मीटरची, यांची १६०० ची, म्हणजे शंभरच मीटर जास्त. महाराष्ट्र पोलिसांच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते. मुलांनी ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत पळाले तर वीसपैकी वीस गुण. सैन्याच्या भरतीतही वर्षानुवर्षे हेच अंतर, पहिल्या गटाची वेळ साडेपाच मिनिटे. आमच्या भागात धावण्याची जी काही परंपरा आहे ती हीच. तिच्यामागे क्लब नाही, शाळा नाही, प्रशिक्षकही क्वचितच. तिचे ध्येय ठरलेले असते आणि ते गाठले की धावणे संपते. माझा भाचा पोलिसात लागला. नेमणुकीच्या आदल्या आठवड्यात त्याने ४ मिनिटे ५८ सेकंद लावले होते. त्यानंतर तो एकदाही पळालेला नाही, आणि त्याला दोष देण्याचा मला काही हक्क नाही. १९९१ साली मीही सैन्यभरतीला गेलो होतो. उंची भरली, छाती भरली, पळण्यात बाद झालो. किती सेकंदांनी, ते कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

साबळेही याच दाराने आत गेला. बारावी झाल्यावर तो सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये. २०१३-१४ मध्ये तो सियाचीनला होता, त्यानंतर राजस्थानच्या वाळवंटात, २०१५ मध्ये सिक्कीमला. या काळात तो धावपटू नव्हता. तो शिपाई होता. शिपायाला पळावे लागते तेवढे तो पळत असणार, त्यापलीकडे त्याच्या नावावर नोंद नाही. स्पर्धेतल्या धावण्याला त्याने सुरुवात केली ती २०१५ मध्ये, सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत, वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या आसपास. म्हणजे शाळेची वाट संपल्यापासून पहिली खरी शर्यत येईपर्यंत मध्ये काही वर्षांची पोकळी आहे. शाळेच्या वाटेने त्याला घडवले असेल तर ही वर्षे ती शक्ती कुठे ठेवली होती, याचे उत्तर गोष्ट सांगणाऱ्यांनी द्यायला हवे.

क्रॉसकंट्रीत वर्षभरात तो राष्ट्रीय स्पर्धेत सेनादलाच्या विजयी संघात आला. मग दुखापत झाली, वजन वाढले. तीन महिन्यांत वीस किलो उतरवले असे वर्तमानपत्रांत येते. आकडा गोल आहे, त्यामुळे मी तो वहीत पेन्सिलीने लिहिला आहे. पण वजन वाढले होते आणि ते उतरवून तो परत आला, एवढे नक्की. सैन्याचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला २०१७ मध्ये स्टीपलचेसकडे वळवले. या एका वळणाला माझ्या मते त्या सहा किलोमीटरांपेक्षा जास्त महत्त्व आहे, म्हणून शर्यतीविषयी चार शब्द सांगतो.

स्टीपलचेस म्हणजे तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत. साडेसात फेऱ्यांत अठ्ठावीस वेळा लाकडी अडथळा ओलांडायचा आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे बरोबर तीन फूट. ११० मीटर हर्डल्सचा अडथळा पाय लागला की पडतो. हा पडत नाही, धावणारा पडतो. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब, अडथळ्याकडच्या बाजूला खोल आणि पुढे उथळ होत जाणारा. जो लांब उडी मारेल त्याचे पाय कमी भिजतील. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यातला पोरगा दर फेरीला पाण्यात उडी मारतो, यावर पुष्कळ विनोद करता येतील. ते मी इतरांसाठी सोडतो. मुद्दा असा, की या शर्यतीला नुसता वेग पुरत नाही. दमलेल्या पायाने दर ऐंशी मीटरला तीन फूट उंची ओलांडायची आणि लय मोडू द्यायची नाही, ही शिकण्याची गोष्ट आहे आणि शिकवणारा असल्याशिवाय ती येत नाही.

२०१७ च्या फेडरेशन कप स्पर्धेत साबळे पाचवा आला. त्याच वर्षी चेन्नईच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत तो राष्ट्रीय विक्रमापासून सुमारे नऊ सेकंद दूर होता. तो विक्रम गोपाल सैनी यांचा. १९८१ साली टोकियोत त्यांनी ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांत शर्यत पूर्ण केली होती. साबळेचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. म्हणजे तो जन्मला तेव्हा विक्रम तेरा वर्षांचा होता. सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला साबळेने ८:२९.८० अशी वेळ दिली आणि सदतीस वर्षांनी तो आकडा बदलला.

त्याच वर्षी आणखी एक जुना आकडा हलला होता. ८०० मीटरमध्ये श्रीराम सिंग यांचा १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमधला १:४५.७७ हा विक्रम, बेचाळीस वर्षांनी, जिन्सन जॉन्सनने मोडला. श्रीराम सिंग सैन्यातले, जॉन्सनही सैन्यातला. हे विक्रम इतके का टिकले? सैनी आणि श्रीराम सिंग असामान्य होते हे एक उत्तर झाले आणि ते खरेच आहे. दुसरे उत्तर हिशेबनिसाचे. राष्ट्रीय स्पर्धा जिंकायला त्या वेळेची गरजच पडत नव्हती. पदक मिळत होते, पदक मिळाले की नोकरीत बढती मिळत होती. सोळाशे मीटरसारखेच झाले हे, फक्त एक मजला वर. गुण मिळाले, धावणे संपले. हा माझा तर्क आहे, कागद नव्हे. पण पुढचे आकडे या तर्काला धरून आहेत.

साबळेने राष्ट्रीय विक्रम दहा वेळा मोडला. पहिल्यानंतरचे नऊ वेळा त्याने स्वतःचाच मोडला. वर्तमानपत्रांत दर वेळी बातमी आली, पण ते दहा आकडे कोणी एकाखाली एक लिहिलेले मला दिसले नाहीत. २०१८ भुवनेश्वर ८:२९.८०. मार्च २०१९ पतियाळा ८:२८.९४. ऑक्टोबर २०१९ दोहा, जागतिक स्पर्धेची प्राथमिक फेरी, ८:२५.२३, आणि तीन दिवसांनी अंतिम फेरीत ८:२१.३७. मार्च २०२१ पतियाळा ८:२०.२०. जुलै २०२१ टोकियो ऑलिंपिक ८:१८.१२. मार्च २०२२ तिरुवनंतपुरम ८:१६.२१. जून २०२२ रबात ८:१२.४८. ऑगस्ट २०२२ बर्मिंगहॅम ८:११.२०. जुलै २०२४ पॅरिस डायमंड लीग ८:०९.९१. सैनींच्या वेळेपासून इथपर्यंत एकूण २०.९७ सेकंद. सैनी १९८१ च्या त्यांच्या सरासरी वेगाने आणि साबळे २०२४ च्या त्याच्या वेगाने एकाच शर्यतीत पळाले, तर साबळे रेषा ओलांडेल तेव्हा सैनी सुमारे १२३ मीटर मागे असतील.

आता हे एकवीस सेकंद कुठे कमी झाले ते पाहू. दहापैकी चार विक्रम भारतात झाले : भुवनेश्वर, दोनदा पतियाळा, तिरुवनंतपुरम. या चारांत मिळून ५.०२ सेकंद कमी झाले. उरलेले सहा परदेशात, त्यांत १५.९५ सेकंद. म्हणजे पाऊण हिस्सा सुधारणा तिथे झाली जिथे त्याच्या पुढे कोणीतरी पळत होते. देशात तो बहुतेक शर्यतींत एकटाच पुढे असायचा, त्याच्या मागे बरेच अंतर रिकामे. वहीत हा हिशेब मांडला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी तो दोनदा तपासला. सहा किलोमीटरच्या शाळेची गोष्ट या पाऊण हिश्श्याबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी कोणीतरी विमानाचे तिकीट काढावे लागते, कोणीतरी रजा मंजूर करावी लागते, पुढे अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्सला स्कॉट सिमन्स यांच्याकडे महिनोन्‌महिने सराव करायला पाठवावे लागते. सैन्य, महासंघ आणि सरकार यांनी ते केले. या संस्थांवर टीका करायला आपण तत्पर असतो आणि पुष्कळदा ती रास्तही असते. पण श्रेय देताना आपण एकदम वीटभट्टीवर जातो, हे न्यायाचे नाही.

दोह्याच्या प्राथमिक फेरीची हकीकत सांगायलाच हवी. एका इथिओपियन धावपटूच्या पडण्यात साबळे अडकला, त्याचा वेळ गेला, लय गेली. तरीही ८:२५.२३ हा नवा राष्ट्रीय विक्रम झाला, पण अंतिम फेरीत जागा मिळाली नाही. भारतीय पथकाने हरकत नोंदवली. ती आधी फेटाळली गेली, अपिलात मान्य झाली. अंतिम फेरीत तो तेरावा आला आणि ८:२१.३७ या वेळेने टोकियो ऑलिंपिकला पात्र ठरला. १९५२ च्या हेलसिंकीतल्या गुलजारा सिंग मान यांच्यानंतर या शर्यतीसाठी ऑलिंपिकला जाणारा तो पहिला भारतीय पुरुष. मला यात हरकतीचा कागद महत्त्वाचा वाटतो. तो लिहिणारा कोणी अधिकारी नियमावली हाताशी ठेवून बसलेला होता. तो नसता तर ही कारकीर्द कोणत्या वळणाने गेली असती कोण जाणे.

टोकियोची तयारी सुरू असतानाच एक वाईट गोष्ट घडली. निकोलाय स्नेसारेव्ह हे बेलारूसचे प्रशिक्षक लांब पल्ल्याच्या भारतीय धावपटूंना बरीच वर्षे शिकवत होते. साबळे मध्यंतरी त्यांना सोडून अमरीश कुमारांकडे परतला होता. ऑलिंपिकसाठी स्नेसारेव्ह पुन्हा भारतात आले आणि मार्च २०२१ मध्ये पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांचे निधन झाले. त्याच महिन्यात त्याच गावी साबळेने ८:२०.२० लावले. टोकियोत तो आपल्या प्राथमिक फेरीत सातवा आला. अंतिम फेरी हुकलेल्यांत त्याची वेळ सर्वांत चांगली होती. आमच्याकडे याला म्हणतात काठावर येऊन बुडणे.

मग बर्मिंगहॅम, ६ ऑगस्ट २०२२, राष्ट्रकुल स्पर्धा. ही शर्यत मी अनेकदा पाहिली आहे. १९९८ पासून राष्ट्रकुलात या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाच नेत आला होता. सहा स्पर्धा, अठरा पदके. साबळे बराच वेळ तीन केनियनांच्या मागे चौथा पळत होता आणि पाहणाऱ्याला वाटत होते की ठीक आहे, चौथा म्हणजे चांगलेच. त्या तिघांत २०१६ चा ऑलिंपिक विजेता कॉन्सेस्लस किप्रुटोही होता. शेवटच्या फेरीच्या आसपास साबळेने वेग वाढवला. किप्रुटो मागे पडला, मग आमोस सेरेम मागे पडला, उरला अब्राहम किबिवॉट. किबिवॉट ८:११.१५, साबळे ८:११.२०. फरक ०.०५ सेकंदाचा, त्या वेगाने अंतर साधारण एक फूट. तीन हजार मीटर पळून एक फूट.

केनियाचा विषय निघालाच आहे तर मघाशी अर्धवट सोडलेले वाक्य पुरे करतो. १९६८ पासून २०१६ पर्यंत केनियाने ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये भाग घेतला त्या प्रत्येकात पुरुषांच्या स्टीपलचेसचे सुवर्ण त्यांनीच नेले. तिथेही शाळेला पळत जाणाऱ्या पोरांची गोष्ट सांगितली जाते. पण नीट पाहिले तर तिथे इटेनचे सेंट पॅट्रिक्स हायस्कूल दिसते, १९७६ पासून तिथे पोरांना पळायला शिकवणारे ब्रदर कॉल्म ओकॉनेल हे आयरिश धर्मसेवक दिसतात, आणि शाळेपुढे पोलीस, सैन्य, तुरुंग खाते दिसते. १९७२ च्या म्युनिकमध्ये हीच शर्यत जिंकणारे किपचोगे केइनो पोलिसात होते. म्हणजे त्यांच्याकडेही भरतीच आहे. फक्त त्यांच्या भरतीनंतर धावणे सुरू होते.

असे आपल्याकडे होऊच शकत नाही, असे नाही. धाराशिवातच उदाहरण आहे. आमच्या गावाचा खो-खो देशभर नावाजलेला. सारिका काळे हिने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचे कर्णधारपद भूषवले आणि सुवर्ण आणले, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला इथे मैदान आहे, शिकवणारे आहेत, पोरगी तेरा-चौदा वर्षांची असताना तिच्याकडे पाहणारे डोळे आहेत. जी पोरगी पाटीवर बसून सात-सात मिनिटे पाठलागाची वाट पाहते ती पळायला कमी नसते. तिला ८०० मीटरच्या पट्टीवर उभे करणारा मात्र आमच्याकडे कोणी नाही, तिथपर्यंत जाण्याची वेळ येते ती पोलीस भरतीतच.

बर्मिंगहॅमच्या आधी तीन आठवडे साबळे यूजीनच्या जागतिक स्पर्धेत अकरावा आला होता, वेळ ८:३१.७५. ही वेळ वहीत चुकून लिहिली गेली की काय असे वाटते, पण ती बरोबर आहे. ती अंतिम फेरीच संथ झाली. विजेता मोरोक्कोचा सूफियान एल बक्काली ८:२५.१३ मध्ये आला. सगळे एकमेकांकडे पाहत पळाले आणि शेवटच्या फेरीत सुटले. त्या सुटण्यात साबळे कमी पडला. वेगवान शर्यतीत टिकणारा हा माणूस संथ शर्यतीत हरतो, हा त्याच्या कारकिर्दीतला खरा दोष. २०२३ च्या बुडापेस्ट स्पर्धेत प्राथमिक फेरीतच सातवा येऊन तो बाहेर पडला तेव्हाही थोडेफार तसेच झाले. त्याचे कौतुक करणाऱ्या लेखांत या दोन शर्यती येत नाहीत. मला मात्र त्यांच्याशिवाय हांगझोऊ कळत नाही.

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, १ ऑक्टोबर २०२३ ला, त्याने कोणाकडे पाहिलेच नाही. सुरुवातीलाच पुढे गेला आणि पुढेच राहिला. संथ शर्यत होऊच द्यायची नाही, हा त्यावर त्याने काढलेला उपाय. ८:१९.५०, स्पर्धेचा विक्रम. दुसरा आलेला जपानचा र्‍योमा आओकी चार सेकंदांहून जास्त मागे. आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या स्टीपलचेसचे भारताचे हे पहिले सुवर्ण. महिलांत सुधा सिंगने ते २०१० मध्येच मिळवले होते. त्याच स्पर्धेत ५००० मीटरमध्ये त्याला रौप्यही मिळाले. ५००० मीटरच्या वेळा, दिल्लीच्या हाफ मॅरेथॉनमधली २०२० ची १ तास ३० सेकंदांची वेळ, हे सगळे माझ्या वहीत आहे, विस्तारभयास्तव सोडतो.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२४ ला तो प्राथमिक फेरीत पाचवा येऊन अंतिम फेरीत गेला. या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीतला पहिला भारतीय पुरुष. पुरुष हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण आठ वर्षे आधी रिओत एक बाई तिथे पोचली होती आणि तीही आपल्याच दुष्काळी पट्ट्यातली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. प्राथमिक फेरीत ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम, अंतिम फेरीत दहावी; पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या अंतिम फेरीत गेलेली भारतीय महिला. तिचे प्रशिक्षक स्नेसारेव्हच. माण आणि आष्टी, दोन कोरडे तालुके, एकच शर्यत आणि मध्ये एक प्रशिक्षक सामाईक. पॅरिसच्या अंतिम फेरीत साबळे अकरावा आला, ८:१४.१८. विजेता एल बक्काली ८:०६.०५. इथिओपियाच्या लामेचा गिरमाचा जागतिक विक्रम ७:५२.११ आहे. म्हणजे सैनींपासून साबळे जितका पुढे आला, जवळजवळ तितकेच अंतर अजून पुढे शिल्लक आहे.

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमी येथे तो आशियाई अजिंक्यपद जिंकला. या शर्यतीत भारताला हे पद मिळाले ते दीना राम यांच्या १९८९ च्या विजयानंतर छत्तीस वर्षांनी. जुलैत मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये तो पडला आणि गुडघ्याचा अस्थिबंध गेला. सप्टेंबरमध्ये टोकियोला जागतिक स्पर्धा झाली, तिथे तो नव्हता. त्याच महिन्यात तो एकतीस वर्षांचा झाला.

टोकियोची अंतिम फेरी मी घरी मोबाइलवर पाहिली. पुन्हा संथ शर्यत. न्यूझीलंडचा जॉर्डी बीमिश शेवटच्या काही मीटरमध्ये एल बक्कालीला मागे टाकून जिंकला. शर्यत संपून दहा मिनिटे झाली नसतील, भाच्याचा फोन आला. तो बंदोबस्तावर होता, त्यानेही कुठेतरी उभ्याउभ्या पाहिली होती.

"मामा, विजेत्याची वेळ किती लागली, पाहिली का?"

"पाहिली. ८:३३.८८."

"मग तुमच्या वहीतले ते सैनी? तेही टोकियोलाच पळाले होते ना?"

मी वही काढली. १९८१, टोकियो, ८:३०.८८. तीन सेकंद बरोबर. फोनवर मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. तो म्हणाला, "उद्या पहाटे तिकडं पोरं येतात का अजून पळायला?" मी म्हणालो, येतात. साप्ताहिक सुट्टीला येतो म्हणाला, बूट आहेत का पाहून ठेवा, आईने कुठे टाकलेत कोण जाणे.